शिकलगार ते सतारमेकर : मिरजेच्या हुनराला मिळालेली मोहोर

३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजेच ‘जीआय टॅग’ मिळाला. सतारीचे मानांकन ‘मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर’ या कारागिरांच्या संस्थेच्या नावे आहे, तर तंबोऱ्याचे ‘सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्युसर फर्म’च्या नावे. अल्हमदुलिल्लाह, आपल्या समाजातील कारागीर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या मेहनतीवर देशाच्या कायद्याने मोहोर उमटवली. वर्तमानपत्रांत ही बातमी आली, लोकांनी एकमेकांना मुबारकबाद दिली आणि दुसऱ्या दिवशी पान उलटले. पण ही बातमी एका दिवसाची नाही. ही मोहोर कोणाच्या हातांना मिळाली, ते हात नेमके काय करतात आणि मोहोर मिळाल्यावरही कोणते काम आपल्यालाच करावे लागणार आहे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाणे-बजावण्याबाबत आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते वाचकांना ठाऊक आहेत. त्या चर्चेत शिरण्यासाठी हा लेख नाही. आमचा विषय आहे हाताचे कष्ट, त्या कष्टातली नजाकत आणि त्यावर उभी राहिलेली घरे.

तलवारीपासून तारेपर्यंत

मिरजेतील सतारमेकर घराण्यांचे मूळ आडनाव शिकलगार. उर्दू जाणणाऱ्यांना या शब्दाचा उगम लगेच कळेल. ‘सैकल’ म्हणजे धातूला दिलेली झिलई, चमक, आणि ‘सैकलगर’ म्हणजे ती झिलई देणारा. मराठी जिभेवर त्याचा झाला शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी घडवणे, त्यांना धार लावणे, पाणी देणे हे त्यांचे पिढीजात काम. सैन्य होते तोवर कामाला तोटा नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई संपली, इंग्रजी अंमल आला, संस्थानांच्या फौजा आटत गेल्या आणि तलवार हळूहळू भिंतीवर टांगायची वस्तू झाली. शिकलगाराच्या हातात हुनर होता, पण गिऱ्हाईक उरले नव्हते.

अशा वेळी माणूस दोनच गोष्टी करू शकतो. नशिबाला बोल लावत बसायचे किंवा हातातली कला नव्या कामाला लावायची. मिरजेच्या शिकलगारांनी दुसरा रस्ता धरला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन संगीताचे शौकीन होते. दूरदूरचे गवई-बजवय्ये दरबारात येत आणि त्यांची वाद्ये प्रवासात मोडत, बिघडत. ती दुरुस्त कोण करणार? बारीक हत्यार चालवणारा, धातू आणि लाकूड दोन्ही ओळखणारा माणूस गावात एकच होता, तो म्हणजे शिकलगार. दुरुस्तीतून वाद्याची रचना कळत गेली आणि रचना कळल्यावर नवे वाद्य घडू लागले. या कामाचा पाया घालणारे म्हणून फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांची नावे मिरजेत आजही आदराने घेतली जातात. पुढे काम इतके वाढले की धंद्याने आडनावच बदलून टाकले. शिकलगारांचे सतारमेकर झाले आणि ते राहतात ती गल्ली सतारमेकर गल्ली म्हणून ओळखली जाऊ लागली.

इथे हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांची आठवण होते. अल्लाहने त्यांच्या हातात लोखंड मऊ केले आणि ते चिलखते घडवत, हे कुरआनात आले आहे. ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, हे हदीसमध्ये आले आहे. त्यांच्या आवाजाची गोडी तर ‘लहन-ए-दाऊदी’ म्हणून उर्दूत म्हणीसारखी वापरली जाते. लोखंड आणि सूर या दोन्ही गोष्टी एकाच नावाशी जोडलेल्या आहेत. लोखंडाकडून सुराकडे वळलेल्या मिरजेच्या घराण्यांना याहून चांगली आठवण कोणती असणार?

भोपळा येतो मंगळवेढ्याहून

सतार किंवा तंबोरा पाहिला की आपली नजर नक्षीवर जाते. कारागिराची नजर आधी भोपळ्यावर जाते. वाद्याचा तो गोल, पोकळ भाग म्हणजे खरोखरचा वाळवलेला भोपळा असतो. हा खाण्याचा भोपळा नव्हे. हा कडू, जाड सालीचा आणि प्रचंड मोठा होणारा असतो. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरात त्याची लागवड होते. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. ज्वारीच्या गावातून भोपळा येतो आणि मिरजेत त्यातून ‘जवारी’ ऐकू येते, असा हा योग आहे.

भोपळा वेलावरच पूर्ण पिकावा लागतो. कच्चा तोडला तर साल चिमते, जास्त ओल लागली तर कुजतो. म्हणजे तंबोऱ्याची पहिली मेहनत कारागिराची नसून शेतकऱ्याची असते. वाळलेले भोपळे मिरजेत आले की आकार, सालीची जाडी आणि टिचकी मारल्यावर येणारा आवाज पाहून त्यांची निवड होते. कुठला भोपळा पुरुषी आवाजाच्या मोठ्या तंबोऱ्याला, कुठला बायकांच्या आवाजाच्या लहान तंबोऱ्याला आणि कुठला सतारीला, हे इथेच ठरते. मग भोपळा पाण्यात भिजवून नरम करतात, कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि हवा तो घाट यावा म्हणून आतून काड्यांचा ताण देऊन पुन्हा वाळवतात.

लाकूड येते कर्नाटकाच्या जंगलातून. तंबोऱ्याला तूण नावाच्या झाडाचे हलके, तांबूस लाकूड चालते. भोपळ्याला दांडीशी जोडणारा भाग म्हणजे गळा. भोपळ्याच्या तोंडावर बसणारे पातळ लाकडी झाकण म्हणजे तबली. तबली किती जाड ठेवायची हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. ती जाड राहिली तर आवाज दबतो, पातळ झाली तर तारांच्या ताणाने बसते. कारागीर पटाशी आणि रंधा चालवत राहतो, मधूनमधून बोटाने ठोकून पाहतो आणि एका क्षणी थांबतो. कुठे थांबायचे हे कळणे म्हणजेच उस्तादी.

त्यानंतर खुंट्या, नक्षी, लाखेचे पॉलिश आणि शेवटी तारा. तंबोऱ्याला साधारणपणे चार तारा असतात : एक पंचमाची, दोन जोडाच्या षड्जाच्या आणि एक खर्जाची. सतारीचे काम याहून गुंतागुंतीचे. तिच्यावर मुख्य तारांखाली तरफेच्या तारांची वेगळी रांग असते आणि दांडीवर वळवलेले धातूचे पडदे दोऱ्याने असे बांधलेले असतात की वाजवणाऱ्याला ते सरकवता यावेत.

जवारी : जिथे कान हाच हत्यार

आता या कामाचा गाभा सांगतो. तंबोऱ्याच्या तबलीवर एक घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. व्हायोलिनची घोडी धारेसारखी असते, तार तिला एका रेषेत टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिचा माथा अगदी हलक्या उताराचा. तार छेडली की ती त्या उतारावर थरथरत, घासटत राहते. त्यामुळे एका तारेतून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर उमलत जातात आणि वाद्य गुंजू लागते. त्या उतारावर तारेखाली एक साधा धागा सरकवून तो गुंजारव नेमका जागवतात. घोडी घासून आणि धागा लावून हा नाद आणणे म्हणजे जवारी लावणे.

विज्ञानाच्या पुस्तकात कंपनाचा एक नियम असतो. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर ऐकू यायला नको. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे दाखवून दिले सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. त्यांना नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षे आधी, १९२१ मध्ये, भारतीय तंतुवाद्यांवरच्या त्यांच्या निबंधात याची कारणे दिलेली आहेत आणि ती सापडली याच रुंद घोडीत. ज्या गोष्टीची उकल करायला रामन यांच्यासारखा शास्त्रज्ञ लागला, ती मिरजेचा कारागीर त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या कानशीने घासून साधत आला होता. ‘हातकाम करणारा म्हणजे अडाणी’ असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पूर्वी घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी तो मार्ग बंद झाला आणि तो बंद होणे योग्यच होते. कारागिरांनी उंटाचे हाड, शिसवासारखे कठीण लाकूड आणि कृत्रिम पदार्थ वापरून पाहिले आणि नव्या मालावर पुन्हा तोच नाद बसवला. परंपरा म्हणजे जुनेच कवटाळून बसणे नव्हे, हे या घराण्यांनी दुसऱ्यांदा दाखवून दिले.

खाँसाहेबांची मिरज

कारीगरीला जाणकार गिऱ्हाईक लागते. मिरजेला ते लाभले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने. १८७२ मध्ये उत्तरेकडील कैराना येथे जन्मलेले खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. हजरत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांच्या दर्ग्यावर त्यांची मोठी श्रद्धा होती. आजारपणात या दर्ग्यात हजेरी देऊन आपल्याला शिफा मिळाली, असे ते मानत. त्यांचे गाणे म्हणजे स्वराच्या अचूकपणाची शर्थ आणि तंबोरा सुरेल नसेल तर ते गाणे उभेच राहत नाही. जवारी लावण्यात आणि वाद्य दुरुस्त करण्यात ते स्वतःही वाकबगार होते. अशा माणसाच्या कानाला उतरेल असे वाद्य घडवायचे म्हणजे कारागिरासाठी ती रोजचीच परीक्षा.

सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी भारतीय संगीतातील बावीस श्रुतींवर संशोधन केले, तेव्हा त्यांना खाँसाहेबांच्या कानाचा आधार झाला. हिंदू संशोधक, मुसलमान गवई आणि मुसलमान कारागीर यांची ही मैफल सांगली-मिरजेच्या मातीत सहज जमली, यात तेव्हा कोणाला नवल वाटले नाही. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात खाँसाहेबांचा इंतकाल झाला आणि त्यांना मिरजेत, याच दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. उरुसात त्यांच्या स्मृतीला वाहिलेली संगीतसभा आजही होते. त्यांचे शागीर्द सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. पंडितजींच्या मागे झंकारणारे तंबोरे मिरजेचे असत, हे मिरजकर अभिमानाने सांगतात.

मोहोर कशाची, राखण कशाची?

आता मानांकनाकडे वळू, कारण याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये आणि त्याची नोंदणी होते चेन्नईच्या कार्यालयात. हा हक्क कोण्या एका दुकानाचा नसतो, तो त्या भागातील सर्व खऱ्या उत्पादकांचा असतो. पण त्यासाठी प्रत्येक कारागिराला स्वतःची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. संस्थेच्या नावे दाखला आला म्हणून गल्लीतल्या प्रत्येक घराला मोहोर वापरता येते असे नाही. नोंदणी दहा वर्षांसाठी असते, मग नूतनीकरण करावे लागते. उत्पादक कोण हे सांगताना कायदा स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, हेही आपल्या घरांनी लक्षात घ्यावे.

या मोहोरेने काय होते? दुसरीकडे बनवलेले वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकण्याला कायद्याने आडकाठी करता येते. काय होत नाही, हे समजण्यासाठी शेजारच्या कोल्हापुरी चपलेकडे पाहावे. तिला २०१९ मध्ये मानांकन मिळाले आणि त्यात आपला सांगली जिल्हाही आहे. तरीही २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब तशा चपला आपल्या नावाने मांडल्या. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले खरे, पण धडा मिळायचा तो मिळाला. मोहोर नावाची राखण करते. हुनराची राखण मोहोर करू शकत नाही.

हुनराला धोका आहे तो वेगळ्याच दिशेने. १९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आता तर मोबाईलमध्येच तंबोरा वाजतो. विद्यार्थ्याला रियाजासाठी ती सोयच आहे, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण जे विद्यार्थी पूर्वी पहिला तंबोरा घ्यायला मिरजेला येत, त्यातले बरेच आता येत नाहीत. क्लस्टरशी साडेचारशेहून अधिक कारागीर जोडलेले आहेत आणि महिन्याला साठ-सत्तर सतारी आणि शंभराच्या आसपास तंबोरे तयार होतात, असे मानांकनाच्या वेळी संस्थेच्या वतीने सांगण्यात आले होते. एवढ्या हातांत एवढेच काम वाटले तर एकेका घराच्या वाट्याला किती येणार, हा हिशेब आपला आपणच करावा.

सरकारी योजनांचेही एक उदाहरण बोलके आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारे आणि कर्जाची सोय आहे. त्या यादीत शस्त्रे घडवणारा आहे, वाद्ये घडवणारा नाही. म्हणजे मिरजेची ही घराणी आजोबा-पणजोबांच्या जुन्या धंद्यात राहिली असती तर यादीत बसली असती! आपल्या लोकप्रतिनिधींकडे ही दुरुस्ती मागणे हे समाजातील शिकलेल्या लोकांचे काम आहे.

एकटी मिरज नाही

याच काळात आपल्या इतर कारागिरांच्या वाट्यालाही मान आला, त्याची दखल घेणे जरुरीचे आहे. कच्छमधील नैसर्गिक रंगांच्या अजरख छपाईला २०२४ मध्येच मानांकन मिळाले. ती खत्री घराण्यांची कला. २००१ च्या भूकंपानंतर मूळ गाव धमडका येथील पाणी रंगकामाला बरोबर राहिले नाही, तेव्हा बरीच कुटुंबे उठून भूजजवळ आली आणि त्यांनी अजरखपूर नावाचे नवे गाव वसवले. त्याच जिल्ह्यातील निरोणा गावचे रोगन कलाकार अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. बिदरी कामाचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये तोच सन्मान मिळाला. बिदर आपल्या मराठवाड्याला लागूनच आहे. या सर्वांत एक समान धागा आहे. संकट आले तेव्हा या घरांनी हुनर सोडला नाही, त्याची वाट बदलली.

शाळा की कारखाना?

पालकसभांत आम्ही कारागीर पालकांच्या तोंडून एक वाक्य नेहमी ऐकतो : “आमचं आयुष्य भुशात गेलं, पोरानं तरी शिकावं.” हे वाक्य खोटे नाही. लाकडाचा भुसा छातीत जातो, पॉलिशच्या वासाने डोळे चुरचुरतात, पैसा उशिरा येतो. बापाला मुलासाठी पंख्याखालची नोकरी हवीशी वाटली तर त्यात गैर काय? पण ‘शिकावं’ आणि ‘हे सोडावं’ या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण का धरून चालतो?

ज्या घरात जवारी लागते, त्या घरातल्या मुलाला ध्वनिशास्त्र परके वाटू नये. मुलगी वाणिज्य शिकली तर परदेशी गिऱ्हाइकाशी व्यवहार, हिशेब आणि मानांकनाची कागदपत्रे तिला सांभाळता येतील. तिचा कान तयार असेल तर घोडीवर कानस चालवायलाही तिला कोण अडवणार? शिक्षण हुनराचे शत्रू नाही. उलट शिक्षण नसल्यामुळेच कारागीर दलालाच्या हातात सापडतो. मात्र कान लहानपणीच तयार होतो. पंचविसाव्या वर्षी पदवी हातात घेऊन आलेल्या मुलाला तबली कुठे थांबवायची हे शिकवता येईल, पण फार कष्टाने. म्हणून शाळा सुरू असतानाच सुट्टीतले, संध्याकाळचे काही तास उस्तादाजवळ जावेत.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला नेण्याची तरतूद आहे. सांगली-मिरज परिसरातील उर्दू आणि मराठी शाळांनी ते दहा दिवस सतारमेकर गल्लीत घालवावेत. ज्यांच्या घरी कोणी गाणे शिकत असेल त्यांनी वाद्य घेताना मोहोर आहे का हे विचारावे आणि कारागिराचे नाव विचारावे. ज्यांच्या घरी वडीलधारे उस्ताद आहेत, त्यांच्या मुलांनी मोबाईल हातात आहेच तर त्यावर अब्बाजानचे काम टिपून ठेवावे : हत्यारांची नावे, भोपळ्याची पारख, थांबण्याची ती जागा. एक उस्ताद गेला की त्याच्याबरोबर पुष्कळ काही दफन होते.

शिकलगारांनी तलवार ठेवून तार उचलली, तेव्हा त्यांना ना मानांकन होते ना योजना. त्यांच्याकडे तयार हात होते आणि नवे शिकण्याची तयारी होती. आज आपल्या मुलांकडे शाळा आहे, कायदा आहे, मोहोर आहे. फक्त हात तयार व्हायला हवेत आणि ते काम घरातच होते. अल्लाह या घरांच्या रोजीत बरकत देवो आणि त्यांचा हुनर त्यांच्या मुला-मुलींच्या हाती सलामत राहो. आमीन.